'कॉन्शन्स' : साक्षी की न्यायाधीश?

पदव्युत्तर वर्गाला 'हॅम्लेट' शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने आम्हांस मध्येच अडवले. तिच्यापुढे नाटकातील कठीण शब्दांचे एक मराठी टिपण होते आणि त्यात 'कॉन्शन्स' या शब्दासमोर, तो नाटकात जेथे जेथे येतो तेथे तेथे, 'सदसद्विवेकबुद्धी' हा एकच प्रतिशब्द लिहिलेला होता. तिची शंका सरळ होती. तिसऱ्या अंकातील प्रसिद्ध स्वगतात राजपुत्र मनुष्यमात्राच्या भ्याडपणाचे खापर 'कॉन्शन्स'वर फोडतो. आता बरे कोणते व वाईट कोणते हे निवडणारी बुद्धी माणसाला भ्याड कशी करील? ती तर त्याला धीर देणारी असावयास हवी. सदसद्विवेकबुद्धी जागी असलेला माणूस भितो, असे शेक्सपिअरला म्हणावयाचे आहे काय?

ते टिपण आमच्याच हातचे होते. कित्येक वर्षे तेच आम्ही वर्गात वाटीत आलो होतो. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले ते तिला पटले की नाही हे ठाऊक नाही, आम्हांला मात्र पटले नाही. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती समजावी. आमच्यासारखीच टिपणे इतर अध्यापकबंधूंच्याही कपाटांत असतील, म्हणून ती येथे जाहीरपणे करीत आहोत.

शब्दाच्या मुळाकडे जाऊ. लॅटिनमधील 'कॉन्स्किएन्तिया' हे इंग्रजी शब्दाचे मूळ होय. 'कॉन्' म्हणजे सह, आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. 'सायन्स' हा शब्द याच दुसऱ्या धातूचा. तेव्हा शब्दशः अर्थ झाला सहज्ञान, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या बरोबरीने जाणणे. रोमन लोक हा शब्द अगदी व्यवहारात वापरीत. एखाद्या कटाची ज्याला आतून माहिती असे तो त्या कटाचा 'कॉन्स्किउस', म्हणजे सामील इसम. आपल्याकडे 'तो त्यांच्यातलाच, त्याला सगळे ठाऊक होते' असे म्हणताना जो सूर लागतो तोच या शब्दाला होता. यात नीतीचा काही संबंध नाही. गुपित दोघांना ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पुढची पायरी मोठी मनोवेधक आहे. गुपितात दुसरा कोणीच वाटेकरी नसेल, तर माणूस ते कोणाबरोबर जाणतो? स्वतःबरोबरच. म्हणजे माणसाचे दोन भाग झाले. एक करणारा आणि एक त्याचे केलेले जाणणारा. ग्रीक भाषेत ही कल्पना आधीच होती. युरिपिडीझच्या 'ओरेस्टीझ' नाटकात (ख्रिस्तपूर्व ४०८) मातृहत्या करून बसलेल्या नायकाला कोणता रोग जाळीत आहे असे विचारले जाते, तेव्हा तो आपल्या जाणिवेचेच नाव घेतो. भयंकर कृत्य आपण केले हे आपले आपल्याला ठाऊक आहे, हाच त्याचा रोग. सेंट पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात 'सुनेइदेसिस' हा याच घडणीचा ग्रीक शब्द वापरला आणि ज्यांना धर्मशास्त्र मिळालेले नाही त्यांच्या अंतरंगातही तो साक्ष देतो असे सांगितले. क्विन्टिलियनने तर लॅटिनमधील एक लोकोक्तीच नोंदवून ठेवली आहे, ती अशी की असे आत्मज्ञान हे हजार साक्षीदारांच्या बरोबरीचे असते.

साक्षीदार हा शब्द येथे अधोरेखित करावा असा आहे. या शब्दाच्या पोटातील मूळ चित्र न्यायसभेचे आहे, परंतु त्या सभेत 'कॉन्शन्स' न्यायासनावर बसलेली नसून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी आहे. बरे काय, वाईट काय हे ठरविण्याचे काम तिचे नव्हे. जे घडले ते मला ठाऊक आहे, एवढेच ती सांगते. सी. एस. लुइस यांनी 'स्टडीज् इन् वर्ड्स' (१९६०) या पुस्तकात या शब्दावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले असून त्यात साक्षीदाराची न्यायाधीशाकडे झालेली ही बढती फार चांगली दाखविली आहे. आमचे पुढील विवेचन त्यांचे ऋणी आहे, परंतु एका महत्त्वाच्या ठिकाणी आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. ते ओघात येईलच.

साक्षीदाराला न्यायासनावर बसविण्याचे श्रेय मध्ययुगीन ईश्वरशास्त्रज्ञांकडे जाते. सेंट जेरोमच्या एका भाष्यातून 'सिन्डेरेसिस' नावाचा एक विचित्र ग्रीक शब्द त्यांच्या हाती आला होता. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने दोघांत कामाची वाटणी करून दिली. सत्कर्म करावे, दुष्कर्म टाळावे ही मूलतत्त्वे जाणणारी ती सिन्डेरेसिस; आणि ही तत्त्वे समोरच्या प्रसंगाला लावून निर्णय देणारी ती कॉन्शन्स. अर्थात आता तिचे तोंड मागे झालेल्या गोष्टींकडे नसून पुढे करावयाच्या गोष्टींकडे वळले. १५२१ साली वर्म्सच्या सभेत ल्यूथरने आपली मते मागे घेण्याचे नाकारले, किंवा १५३५ साली टॉमस मोरने शपथ घेण्यापेक्षा शिरच्छेद पत्करला, तो या दुसऱ्या अर्थाच्या कॉन्शन्सपायी. आमच्या टिपणातील 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द या अर्थाला बरोबर बसतो, हे येथे मान्य केले पाहिजे. पुढे १८९८ च्या लसीकरणाच्या कायद्यात आणि पहिल्या महायुद्धातील लष्करभरतीच्या वेळी इंग्लंडात 'कॉन्शन्स'च्या नावाने जे आक्षेप घेतले गेले तेही याच अर्थाने.

इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकात फ्रेंचमधून आला. त्या वेळी तेथे एक अस्सल देशी शब्द नांदत होता; तो 'इन्‌विट', म्हणजे अंतर्ज्ञान, आतली जाण. १३४० साली कँटरबरीच्या एका मठवासीयाने फ्रेंच ग्रंथाचे केंटच्या बोलीत भाषांतर केले, त्याचे नावच त्याने 'अयेन्‌बाइट ऑफ इन्‌विट' असे ठेवले. 'अयेन्‌बाइट' म्हणजे पुनःपुन्हा चावणे. 'रिमॉर्स' या लॅटिन वळणाच्या शब्दाचे ते घटकशः भाषांतर. लॅटिन शब्दाचाही अर्थ परत चावणे असाच आहे. तेव्हा ग्रंथनामाचा अर्थ झाला 'आतल्या जाणिवेचे चावणे'. मराठी माणसाला हे सांगताना व्युत्पत्तिकोश उघडावा लागू नये. अपराध केलेला माणूस आपल्याकडे 'माझे मनच मला खाते' असे म्हणतो. कँटरबरीचा तो मठवासी आणि आपल्या घरातली म्हातारी आजी, दोघांनाही दातांचीच प्रतिमा सुचली, ही गोष्ट आम्हांस मोठी नवलाची वाटते.

इन्‌विट मेला आणि परका शब्द टिकला. भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनी याचा विचार करावा असे आम्ही सुचविणार होतो. पण जेम्स जॉइसने 'युलिसिस'मध्ये (१९२२) तेच जुने ग्रंथनाम उकरून काढून आपल्या नायकाच्या मनात मातेच्या मृत्यूचा सल म्हणून पुनःपुन्हा घुमविले आहे, हे आठवल्यावर आमचाही सूर थोडा नरम होतो. मेलेले शब्दही कधी कधी उपयोगी पडतात.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात लँग्लंडने 'पिअर्स प्लाउमन' या रूपकात्मक काव्यात कॉन्शन्सला राजसभेतील एक सरदार केले आहे. राजा त्याला मीड नावाच्या सुंदरीशी, म्हणजे लाचेशी, लग्न कर म्हणतो आणि तो साफ नाकारतो. त्याच सुमारास चॉसरने मात्र हा शब्द भलत्याच ठिकाणी वापरला. 'कँटरबरी टेल्स'मधील प्रायोरेस बाईंची कॉन्शन्स कशात दिसते? तर सापळ्यात सापडलेला उंदीर पाहून त्यांना रडू येते यात! येथे हा शब्द 'हळवेपणा' एवढ्याच अर्थाचा आहे. चॉसरच्या मिस्कील स्वभावाला धरून, माणसांविषयी या बाईंना असेच रडू येते की नाही हे तो सांगत नाही.

यानंतरची हकीकत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. आज इंग्रजीत 'कॉन्शन्स' आणि 'कॉन्शस' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक नीतीचा, एक मानसशास्त्राचा. आपले विद्यार्थी त्यांच्या वर्णलेखनात गोंधळ करतात तेव्हा आपण लाल शाईचा उपयोग करतो. परंतु हा गोंधळ मोठ्या कुळातला आहे. शेक्सपिअरच्या काळी 'कॉन्शस' हा विशेषणशब्द इतका नवा होता की बेन जॉन्सनने १६०१ च्या 'पोएटॅस्टर' या प्रहसनवजा नाटकात त्याची टवाळी केली आहे. त्यातील एका नखरेल कवीला ओकारीचे औषध देतात आणि मग त्याच्या पोटातून एकेक अवजड नवा शब्द बाहेर पडतो. त्या शब्दांत 'कॉन्शस'ही आहे. आज ज्याच्यावाचून मानसशास्त्राचे पान हलत नाही तो शब्द त्या दिवशी भांड्यात पडला होता. नवे पारिभाषिक शब्द ऐकून नाके मुरडणाऱ्या आपल्याकडील विनोदी लेखकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सारांश, 'हॅम्लेट' लिहिले गेले तेव्हा जाणीव आणि नीती यांना दोन स्वतंत्र नावे रूढ झालेली नव्हती. 'कॉन्शन्स' हा एकच शब्द दोन्ही ओझी वाहत होता. हॉब्जने 'लेव्हायथन'मध्ये (१६५१) शब्दाचा इतिहास अचूक सांगितला आहे. दोघांना मिळून एक गोष्ट ठाऊक असणे हा मूळ अर्थ. मग स्वतःच्या गुप्त गोष्टी जाणणे हा लाक्षणिक अर्थ. आणि शेवटी माणसे आपल्या लाडक्या मतांनाच हे पूज्य नाव देऊ लागली, असा टोलाही त्याने हाणला आहे. त्यानंतर लॉकने १६९० च्या आपल्या ग्रंथात 'कॉन्शसनेस' हा शब्द तत्त्वज्ञानाच्या कामाला जुंपला आणि वाटणी पक्की झाली.

लॉकचा ग्रंथ फ्रेंचमध्ये नेणाऱ्या पिएर कोस्तची १७०० साली जी अडचण झाली ती भाषांतरकारांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. फ्रेंचमध्ये दोन्ही अर्थांना एकच शब्द. मग त्याने 'कॉन्' आणि 'सिआन्स' यांच्यामध्ये एक संयोगरेषा टाकली, तळाशी टीप दिली आणि आपण असे का केले ते प्रांजळपणे सांगून टाकले. फ्रेंचमध्ये आजही एकच शब्द आहे. पोर्तुगीजमध्येही तसेच, हे गोमंतकातील ज्येष्ठ वाचकांना सांगावयास नकोच. जर्मनांनी मात्र 'गेविस्सेन' आणि 'बेवुस्टझाइन' असे दोन शब्द केले. तेव्हा एका शब्दाचे दोन होणे ही भाषेची अपरिहार्य प्रगती आहे असे कोणी म्हणू नये. काहींना एकाच शब्दात संसार करता येतो.

आता नाटकाकडे वळू. 'हॅम्लेट'मध्ये हा शब्द सात-आठ ठिकाणी येतो आणि ती ठिकाणे ओळीने तपासली म्हणजे आमच्या टिपणाचे दारिद्र्य उघडे पडते.

दुसऱ्या अंकाच्या अखेरीस राजपुत्र नाट्यप्रयोगाचा सापळा रचतो, तो राजाची कॉन्शन्स पकडण्यासाठी. राजाची सदसद्विवेकबुद्धी पकडावयाची म्हणजे काय? ती शाबूतच आहे. आपण केले ते घोर पाप आहे हे क्लॉडिअस प्रार्थनेच्या प्रवेशात स्वतःच कबूल करतो. त्याच्या निवाड्यात कसूर नाही. पकडावयाची आहे ती त्याच्या पोटातील ठाऊक गोष्ट. खून कोणी पाहिला नाही. एकच साक्षीदार आहे आणि तो राजाच्या आत दडलेला आहे. त्या साक्षीदाराला भर सभेत बोलते करणे हा राजपुत्राचा डाव आहे. येथे शब्दाचा अर्थ जवळजवळ लॅटिनइतका जुना आहे.

तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात पोलोनिअस धार्मिक मुखवट्यांविषयी सहज काही बोलतो आणि राजा बाजूला तोंड करून सांगतो की त्या बोलण्याचा आसूड आपल्या कॉन्शन्सवर बसला. येथे अर्थ टोचणीचा आहे. आणि याच प्रवेशात, काही ओळींच्या अंतराने, ते स्वगत येते. प्रेक्षकाच्या कानात राजाच्या तोंडचा शब्द अजून घुमत असतानाच राजपुत्र तोच शब्द उच्चारतो. आमच्या मते हे योगायोगाने झालेले नाही.

या स्वगतातील शब्दाचा अर्थ काय यावर टीकाकारांत मतभेद आहेत. ब्रॅडली यांनी 'शेक्सपिअरिअन ट्रॅजेडी'त (१९०४) तेथे नीतिबुद्धीचा अर्थ सपशेल नाकारला. तेथे कॉन्शन्स म्हणजे कृतीच्या परिणामांविषयीचे चिंतन, असे त्यांचे म्हणणे. उलट लुइस यांचा कल नरकभयाकडे आहे. मृत्यूनंतर होणाऱ्या शिक्षेचे भय, तेच कॉन्शन्स.

लुइस यांचे मत आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे कारण नाटकातच आहे. पहिल्या अंकातील स्वगतात राजपुत्राला आत्महत्येचा विचार सुचतो तेव्हा ईश्वराने ती निषिद्ध ठरविली आहे याची आठवण त्याला होते. तेथे पाप आहे, निषेध आहे, शास्त्र आहे. तिसऱ्या अंकात यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. तेथे आहेत ती झोपेत पडणारी स्वप्ने आणि ज्या मुलखातून कोणी वाटसरू परत येत नाही असा एक अज्ञात मुलूख. नरकाचे भय ज्याला आहे त्याला तो मुलूख अज्ञात नसतो. त्याने त्याचे वर्णन प्रवचनांत ऐकलेले असते. राजपुत्राची अडचण अशी की पुढे काय आहे हे त्याला ठाऊकच नाही, आणि न ठाऊक असण्याची जाणीव त्याला सोडीत नाही. त्यापुढच्याच ओळींत तो निर्धाराच्या तजेल्यावर विचाराची फिकट छाया पडते असे सुचवितो. कॉन्शन्स आणि विचार एका दमात आले आहेत.

मग ब्रॅडली यांचेच खरे म्हणून थांबावे काय? तेही पुरते जमत नाही. 'हॅम्लेट'पूर्वी काही वर्षे लिहिलेल्या 'रिचर्ड द थर्ड'मध्ये क्लॅरन्सला मारावयास आलेल्या दोन मारेकऱ्यांपैकी एकजण कॉन्शन्सवर मोठे गमतीदार व्याख्यान देतो. ती माणसाला भ्याड करते. चोरी करू म्हटले तर आरोप करते, शपथ घेऊ म्हटले तर अडविते. म्हणून सुखाने जगावयाचे तर तिला घराबाहेर काढावी, असा त्याचा सिद्धांत आहे. म्हणजे 'कॉन्शन्स आणि भ्याडपणा' ही जोडी शेक्सपिअरच्या डोक्यात आधीपासून होती, आणि तेथे तिचा अर्थ निःसंशय आरोप करणारी साक्षीदार असाच आहे. ज्या प्रेक्षकांनी ते नाटक पाहिले होते त्यांच्या कानांना 'हॅम्लेट'मधील स्वगतात तो जुना अर्थ ऐकूच आला नसेल, असे म्हणवत नाही. आमचा निर्णय असा की येथे शब्द दोन्हीकडे तोंड करून उभा आहे. मागे पाहणारी साक्ष आणि पुढे पाहणारी चिंता ही दोन्ही जाणण्याचीच रूपे आहेत, आणि दोन्ही माणसाचा हात धरून ठेवतात. बरेवाईट निवडणारा विवेक हा तिसरा अर्थ. त्याचा येथे काही अधिकार नाही. विद्यार्थिनीची शंका बरोबर होती. चूक प्रतिशब्दाची होती.

उरलेली ठिकाणे थोडक्यात पाहू. सूडाने पेटलेला लेअर्टीझ कॉन्शन्सला पाताळात धाडतो तेथे 'विवेक' किंवा 'सदसद्विवेक' खुशाल लिहावे. क्लॉडिअस त्याच लेअर्टीझला, तुझ्या कॉन्शन्सने आता मला निर्दोष ठरवावे, असे सुनावतो. तेथे 'मनाची खात्री' हा अर्थ आहे. खुनी मनुष्य दुसऱ्याच्या कॉन्शन्सकडे दाखला मागतो, यातील उपरोध अध्यापकाने जरूर दाखवावा. पाचव्या अंकात राजपुत्र दोन जुन्या मित्रांच्या मृत्यूबद्दल बोलताना आपल्या कॉन्शन्सला त्याची झळ नाही असे सांगतो. पुढे लगेच राजाला मारणे हे कॉन्शन्सला पूर्ण धरून नाही काय असे विचारतो. आणि विषारी तलवार चालविण्याआधी लेअर्टीझ स्वतःशी पुटपुटतो की हे जवळजवळ आपल्या कॉन्शन्सविरुद्ध आहे.

इतक्या ठिकाणी इतके अर्थ! मग भाषांतरकाराने काय करावे? प्रत्येक ठिकाणी अर्थाप्रमाणे वेगळा शब्द योजावा, हे उत्तर सोपे आहे, पण त्यात मोठी हानी आहे. एकच शब्द राजाच्या, राजपुत्राच्या आणि लेअर्टीझच्या तोंडी फिरत राहतो आणि त्यातून नाटकाची एक वीण तयार होते. शब्द बदलत गेला की ती वीण उसवते. आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट'चे भाषांतर हाती घेतले आणि ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ही अडचण मराठीत आलेल्या प्रत्येक 'हॅम्लेट'च्या वाटेत उभी आहे.

आपल्याकडे या शब्दाला जवळचे काय काय आहे ते पाहू. 'सदसद्विवेक' हा सामासिक शब्द वस्तुतः वेदान्ताच्या घरातला वाटतो. विवेक म्हणजे वेगळे करणे, पाखडणे. साधनचतुष्टयातील पहिले साधन नित्यानित्यवस्तुविवेक हेच आहे. सत् आणि असत् म्हणजे खरोखर असणारे आणि नसणारे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी गाठ पडल्यावर सत् म्हणजे सदाचार आणि असत् म्हणजे दुराचार असा अर्थ पक्का झाला. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या आधिदैवतपक्षावरील प्रकरणात सदसद्विवेकदेवता मानणाऱ्या पाश्चात्त्य पक्षाचा परामर्श घेतला आहे. अशी स्वतंत्र देवता मनात बसलेली नाही, बरेवाईट निवडणे हे एकाच व्यवसायात्मिका बुद्धीचे काम आहे आणि ती बुद्धी सात्त्विक, राजस, तामस अशी वेगवेगळी असते, म्हणून चोराचा आणि साधूचा कौल सारखा मानता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो बिनतोड आहे. परंतु तो न्यायाधीशाविरुद्धचा आहे. बिशप बटलरच्या १७२६ च्या प्रवचनांपासून इंग्लंडात कॉन्शन्सला जे सिंहासन मिळाले होते त्यावर हा प्रहार आहे. साक्षीदाराला तो लागू पडत नाही. चोराचा निवाडा साधूहून निराळा असेल. पण आपण चोरी केली हे चोराला साधूइतकेच नेमके ठाऊक असते.

साक्षीदाराची कल्पना आपल्या परंपरेला परकी आहे असेही नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेतील साक्षीदारांना बजावताना आत्मा हाच आत्म्याचा साक्षी असल्याचे सांगितले आहे, म्हणजे न्यायसभेचेच चित्र. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेला प्रथम पाहतो तेव्हा संशयाच्या ठिकाणी सज्जनांच्या अंतःकरणाचा कल हे प्रमाण मानतो. हे मात्र न्यायाधीशाकडे झुकते, आणि प्रेमात पडलेल्या राजाने दिलेले हे प्रमाण कितपत निःपक्षपाती हा प्रश्न उरतोच. वेदान्तातील साक्षीही येथे उपयोगी नाही. तो नुसता पाहतो, चावत नाही. सर्वांत जवळ येतात ते तुकोबा. खऱ्याखोट्याच्या निवाड्यात त्यांनी मनाला साक्षीला उभे केले आणि पुष्कळांच्या मताची तमा बाळगली नाही. त्यासाठी त्यांनी वापरलेला 'ग्वाही' हा शब्द फारसी 'गवाही'वरून आला आहे. त्यांना नेमका न्यायसभेतलाच शब्द हवा होता, आणि तो कोणत्या भाषेतला आहे हे पाहण्यात त्यांनी वेळ घालविला नाही.

तुकोबांनी दाखविलेल्या 'मन' या शब्दाकडे आम्ही परत आलो, तेव्हा आमच्याच ध्यानात एक गोष्ट नव्याने आली. वर सांगितलेली नाटकातील ठिकाणे पुन्हा घ्या. राजाला आसूड बसतो तेथे मराठीत 'मन खाते'. मित्रांच्या मृत्यूची झळ नाही तेथे ते 'मनाला लागत नाही'. लेअर्टीझ कचरतो तेथे त्याचे 'मन घेत नाही'. दाखला मागितला जातो तो 'मनाच्या खात्री'चा. आणि त्या स्वगतात? 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपल्या प्रत्येक घरात आहे. आपले मनच पुढची भयंकर चित्रे रंगविते आणि आपल्याला जागच्या जागी खिळवून ठेवते, हीच त्या स्वगताची कळ नव्हे काय? 'जनाची नाही तर मनाची तरी' या म्हणीतही मन म्हणजे साक्षीदारच. जन हा बाहेरचा, मन हा आतला. विद्वानांनी घडविलेल्या आठ अक्षरी समासाला जे जमले नाही ते या दोन अक्षरांना बव्हंशी जमते, आणि नाटकाची वीणही टिकते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. आपल्या संतवाङ्मयात मन हे चंचल, ओढाळ. समर्थांनी त्याला दोनशेवर श्लोकांतून उपदेश केला. ज्याला उपदेश करावयाचा त्याच्याच साक्षीवर विसंबावयाचे कसे? तेच आरोपी, तेच साक्षीदार! इंग्रजी शब्दावर चंचलपणाचा हा डाग नाही. या आक्षेपाला आमच्यापाशी पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणतो की वाक्प्रचारात बांधलेले मन मोकळ्या मनासारखे ओढाळ नसते. 'मन खाते' असे ऐकल्यावर कोणालाही वासनेची आठवण होत नाही. 'कॉन्शन्सला पूर्ण धरून' या पाचव्या अंकातील प्रयोगाला मात्र 'मन' अपुरे पडते. तेथे 'धर्म' घ्यावा लागेल, आणि तेथे वीण एक टाका तुटेल.

कायद्याच्या भाषेची गोष्ट वेगळी. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात या शब्दाला मराठीत 'सदसद्विवेकबुद्धी' आणि हिंदीत 'अंतःकरण' म्हटले आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या बांधवांना दोन्ही पाठ सहज उपलब्ध आहेत, त्यांनी ते शेजारी ठेवून पाहावेत. हिंदी शब्दात आतला साक्षीदार अधिक आहे, मराठीत न्यायाधीश. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ज्या 'अंतरात्म्याच्या आवाजा'ची देशभर चर्चा झाली, त्याला तेव्हा कोणी 'मनाचा कौल' म्हटले असते तर मतदारांना थोडा संकोच वाटला असता, असे आम्हांस उगीचच वाटते.

टिपण आम्ही आता बदलले आहे. 'कॉन्शन्स' समोर एक शब्द न लिहिता नाटकातील प्रत्येक ठिकाणचा अंक-प्रवेश दिला आहे आणि त्यापुढे जागा कोरी ठेवली आहे. विद्यार्थ्यांनी ती वर्गात भरावी. यंदा तिसऱ्या अंकाच्या जागी एकाने 'जाणीव' लिहिले, एकाने 'मन', आणि त्या विद्यार्थिनीच्या धाकट्या भावाने, जो यंदा आमच्या वर्गात आहे, 'धास्ती' लिहिले. तो शब्द आम्ही खोडलेला नाही.